सायकल, बैलगाडी आणि आकाश

१

केरळच्या किनाऱ्यावर काढलेले एक कृष्णधवल छायाचित्र गेल्या काही दशकांत आपल्या देशात इतक्या ठिकाणी छापले गेले आहे, की ते कोणी काढले आणि केव्हा काढले हे विचारण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. एका साध्या सायकलच्या कॅरिअरवर अग्निबाणाचे निमुळते शीर्ष ठेवलेले आहे आणि दोन माणसे ती सायकल सांभाळत पायी चालली आहेत. एवढाच त्याचा विषय. शाळेच्या भिंतीवरील तक्त्यांत, विज्ञानदिनाच्या विशेषांकांत, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत ते आढळते. त्याखाली बहुधा एकाच आशयाची ओळ असते : भारताचा पहिला अग्निबाण सायकलवरून प्रक्षेपणस्थळी नेला जात असताना, १९६३.

ही ओळ चुकीची आहे. हे छायाचित्र १९६३ मधले नसून १९६६ मधले आहे. ते काढले आंरी कार्तिए-ब्रेसाँ या थोर फ्रेंच छायाचित्रकाराने, त्या वर्षीच्या आपल्या भारतभेटीत. चित्रातील माणसांपैकी एक, अभियंता सी. आर. सत्या, यांनी पुढे सांगितलेली हकीगत अगदी साधी आहे. केंद्रातील जीप दुसऱ्या कामात गुंतलेली होती, वस्तू हलकी होती, अंतर थोडे होते. म्हणून सायकल घेतली. १९६३ च्या नोव्हेंबरात उडालेला पहिला अग्निबाण तर सायकलवर मावणाराच नव्हता. तो 'नाइकी-अपाची' या जातीचा अमेरिकी अग्निबाण होता आणि जुळणीनंतर तो ट्रकमधून नेण्यात आला, असे डॉ. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. मराठी वाचकांना ते आत्मचरित्र 'अग्निपंख' या अनुवादातून परिचित आहे. अग्निबाण क्षेपकावर चढवताना द्रवदाबावर चालणाऱ्या यारीला गळती लागली आणि अखेर माणसांनी अंगबळावर तो वर उचलला, हा तपशीलही तिथेच आहे. म्हणजे साधनांची टंचाई खरी होती. सायकल मात्र त्या दिवसाची नव्हती.

तीन वर्षांचा हा फरक सामान्य वाचकाला क्षुल्लक वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाला तो तसा वाटता कामा नये. पाठभेद आणि प्रक्षेप यांचे मोल आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठशुद्धी केली, तेव्हा मूळ ग्रंथात शिरलेल्या ओव्या बाजूला काढण्यामागे केवळ काटेकोरपणा नव्हता. मूळ शब्दावरची श्रद्धा होती. तथापि प्रक्षिप्त ओवीलाही एक अर्थ असतो. ती ग्रंथकर्त्याचे मन सांगत नाही, वाचकसमाजाचे मन सांगते. छायाचित्राखालची चुकीची ओळ हीदेखील एक प्रक्षिप्त ओवीच होय. आपल्या देशात अवकाशयानांची छायाचित्रे कशी पाहिली गेली, त्यांत कोणती स्वप्ने पेरली गेली आणि त्या पाहण्यात काय नजरेआड झाले, याचा काही एक शोध या प्रक्षिप्त ओळींच्या आधारे घेता येईल, असे मला वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

२

छायाचित्राच्या आधी स्वप्न होते आणि स्वप्नाच्या आधी गोष्ट होती. मराठीपुरते बोलायचे तर ही गोष्ट महाराष्ट्रात नव्हे, केरळात अंकुरली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या संपादनाखाली कोचीनमध्ये जन्माला आलेल्या 'केरळकोकिळ' या मासिकाने १९०० पासून 'चंद्रलोकची सफर' ही कथा क्रमशः छापायला सुरुवात केली. ज्यूल व्हेर्न यांच्या १८६५ मधील फ्रेंच कादंबरीचे ते मराठी रूप होते. मराठी विज्ञानसाहित्याचा इतिहास लिहिणारे आपला प्रारंभ बहुधा याच लेखमालेपासून धरतात. मलबारच्या किनाऱ्यावर स्थिरावलेल्या एका मराठी संपादकाने आपल्या वाचकांना प्रचंड तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे पाठवावे आणि त्याच किनारपट्टीवर, कोचीनच्या दक्षिणेस, त्रेसष्ट वर्षांनी भारतातला पहिला अवकाशवेधी अग्निबाण उडावा, हा योगायोगच आहे. इतिहासलेखकाने योगायोगाला कार्यकारणाचा दर्जा देऊ नये. परंतु भाषांच्या सीमा ओलांडून जाणाऱ्या स्वप्नांचा नकाशा राज्यांच्या नकाशाशी जुळत नाही, एवढे तरी त्यावरून ध्यानात यावे.

व्हेर्नच्या वाचकांपुढे कोरीव चित्रे होती. छायाचित्रे नव्हती, कारण छायाचित्र घेण्याजोगी वस्तूच अस्तित्वात नव्हती. ती १९५७ च्या ऑक्टोबरात, पहिल्या 'स्पुटनिक'च्या रूपाने, अस्तित्वात आली. तेव्हापासून पुढची तीन दशके भारतीय घरांत अवकाशयानांच्या छायाचित्रांचा जो ओघ आला, त्याचा इतिहास खरे तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. सोव्हिएत संघाकडून भारतीय भाषांत निघणारी, गुळगुळीत कागदावरची स्वस्त सचित्र नियतकालिके आणि अमेरिकेकडून १९६० पासून निघू लागलेले 'स्पॅन' या दोन्ही वाटांनी ही चित्रे आली. दोन महासत्तांच्या प्रचारयुद्धाचा तो भाग होता, हे निर्विवाद आहे. गंमत अशी, की ज्यांच्यासाठी हा प्रचार होता त्यांनी त्यातला वाद बाजूला ठेवून यानेच तेवढी घेतली. माझ्या पिढीच्या शाळकरी मुलांनी त्या गुळगुळीत कागदांची वह्यांना कव्हरे घातली. गणिताच्या वहीवर 'व्होस्तोक' आणि भूगोलाच्या वहीवर 'अपोलो' सुखाने नांदत होती. १२ एप्रिल १९६१ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला युरी गागारिन त्याच वर्षअखेरीस भारतात येऊन गेला. १९६९ च्या ऑक्टोबरात चंद्रावरून परतलेले तिघे अंतराळवीर मुंबईत आले. छायाचित्रातले चेहरे प्रत्यक्ष दिसल्याने स्वप्नाला जणू पुरावा मिळाला.

या चित्रांकडे आपण कसे पाहत होतो? पाश्चात्त्य समीक्षेत छायाचित्राला दस्तऐवज मानण्याची रीत आहे. आपल्याकडे त्याआधी एक वेगळी रीत रुजलेली होती. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी देवदेवतांना सामान्य माणसाच्या भिंतीवर आणून बसवले. भिंतीवरचे चित्र हे माहितीसाठी नसते, दर्शनासाठी असते. दर्शनात पाहणारा पाहतो आणि त्याच क्षणी पाहिलाही जातो. यानांची चित्रे भिंतीवर चिकटली ती याच संस्कारातून. चित्रातील यंत्राचा तपशील समजून घेण्यापेक्षा त्याच्या सान्निध्यात असणे महत्त्वाचे होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दोन रुपयांच्या नोटेवर आहे. बंगळूरजवळच्या पीनिया येथील औद्योगिक शेडमध्ये उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला 'आर्यभट' हा पहिला भारतीय उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने कक्षेत गेला. अवघ्या काही दिवसांत त्याच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबवावे लागले. थोड्याच काळात त्याचे चित्र दोन रुपयांच्या नोटेच्या पाठीवर आले आणि बाजारहाटाच्या व्यवहारात हातोहात फिरू लागले. कांदे-बटाटे विकणाऱ्याच्या गल्ल्यात आणि देवळाच्या दानपेटीत तो अनेक पैलूंचा गोळा वर्षानुवर्षे जाऊन पडत होता. प्रत्यक्ष उपग्रह १९९२ मध्ये वातावरणात शिरून नष्ट झाला. नोटेवरचा उपग्रह त्यानंतरही चलनात होता. प्रयोग काही दिवसांत थांबले, प्रतिमा मात्र दोन दशके टिकली. हा उपहासाचा विषय नाही. 'आर्यभट'चे खरे कार्य उपग्रह बांधता येतो हे शिकणे हे होते आणि ते पार पडले होते. परंतु समाजाने त्यातून जे घेतले ते प्रयोगाचे फलित नव्हते; ती आपणही तिथे आहोत ही जाणीव होती.

३

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. ज्या कार्यक्रमाने देशाला ही स्वप्ने दिली, त्याच्या प्रवर्तकाने स्वप्नाचा उघड त्याग करूनच कार्याला हात घातला होता. विक्रम साराभाई यांनी वेळोवेळी, आणि विशेषतः १९६८ मध्ये थुंब्याचे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण करण्याच्या सुमारास, जी भूमिका मांडली तिचा आशय असा : चंद्रावर जाण्यात किंवा माणसाला अवकाशात धाडण्यात संपन्न राष्ट्रांशी बरोबरी करण्याची कल्पना आम्हांला भुरळ घालत नाही, मात्र माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांना प्रगत तंत्रज्ञान लावण्यात आम्ही कोणाच्या मागे राहता कामा नये. हवामान, दळणवळण, शिक्षण ही त्यांची उद्दिष्टे होती. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले, तेव्हा साराभाई हयात नव्हते. पण तो प्रयोग त्यांच्याच विचाराचे फळ होता.

स्वप्नाला नकार देणारा विचार आणि स्वप्न जागवणारे चित्र अशी ही जोडी आहे. थुंब्याची कथा तर दोहोंचा संगम दाखवते. चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जाते. वरच्या वातावरणातील विद्युत्प्रवाहांचा अभ्यास करायला जागा उत्तम. परंतु ती रिकामी नव्हती. तिथे कोळ्यांची वस्ती होती, संत मेरी मॅग्डलिनचे चर्च होते. तिरुवनंतपुरमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी साराभाईंची विनंती रविवारच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांपुढे ठेवली आणि लोकांनी संमती दिली, अशी हकीगत डॉ. कलामांनी अनेकदा सांगितली आहे. चर्चची इमारत पहिली प्रयोगशाळा झाली आणि बिशपांच्या निवासात आराखडे काढले जाऊ लागले. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी अग्निबाण उडाला, सुमारे दोनशे किलोमीटर उंचीपर्यंत गेला आणि त्याने सोडलेल्या सोडियमच्या बाष्पाचा नारिंगी पट्टा मावळतीच्या आकाशात दूरवरून दिसला. आज त्या चर्चमध्ये अवकाशसंग्रहालय आहे.

ही कथा सुंदर आहे. सुंदर कथांविषयी समीक्षकाने थोडे सावध असावे. ती सांगताना आपण नेहमी धर्म आणि विज्ञान यांच्या सख्याची गोष्ट सांगतो, बिशपांचे आणि साराभाईंचे औदार्य सांगतो. वस्ती उठवून दुसरीकडे गेलेल्या कुटुंबांविषयी एखादे वाक्य बोलतो आणि पुढे सरकतो. थुंब्याची जी छायाचित्रे प्रसिद्ध झाली त्यांत चर्च आहे, सायकल आहे, तरुण अभियंते आहेत. किनारा सोडून गेलेला कोळी मात्र त्या प्रसिद्ध प्रतिमांच्या मालिकेत ठळकपणे कोठेच येत नाही. त्याने आपली जमीन आणि आपले प्रार्थनास्थळ दिले. समुद्राशी जोडलेल्या माणसाला किनाऱ्यापासून थोडे आत नेणे म्हणजे काय, हे कोकणाच्या किनाऱ्याशी नाते असलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. भारताच्या अवकाशस्वप्नाचे पहिले मोल सायकलस्वाराने दिलेले नाही, त्याने दिले आहे. चौकटीत काय आहे याइतकाच चौकटीबाहेर काय राहिले हा प्रश्न छायाचित्राच्या वाचनात मोलाचा असतो, तो यासाठी.

४

दुसरे छायाचित्र बैलगाडीचे. मोकळ्या मैदानात बैलगाडी उभी आहे आणि गाडीवर 'ॲपल' हा दळणवळण-उपग्रह ठेवलेला आहे. हा उपग्रह १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपच्या 'एरियन' अग्निबाणाने अवकाशात गेला. या चित्राखाली सर्वसाधारणपणे जी ओळ येते, तिचा सूर कौतुकाचा असो वा करुणेचा, आशय एकच असतो : पाहा, यांच्याजवळ वाहनसुद्धा नव्हते, तरी यांनी उपग्रह उडवला.

हीही ओळ प्रक्षिप्त आहे. बैलगाडी वाहन नाही म्हणून आणलेली नव्हती. ती बैलगाडी होती म्हणूनच आणलेली होती. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या जागेत घ्यायची होती. धातूच्या ट्रकवर उपग्रह ठेवला असता तर त्या धातूवरून लहरी परावर्तित होऊन मोजमापात दोष शिरला असता. धातूचा अडथळा करणार नाही असे लाकडी आसन हवे होते आणि ते हलवता येणारे हवे होते. अशी वस्तू आपल्या खेड्यांत हजारो वर्षे तयार आहे, हे कोणा अभियंत्याला सुचले. भाड्याने गाडी आणून काम झाले. जिथे विशेष सामग्री उभारण्यात वेळ आणि पैसा गेला असता, तिथे हाताशी असलेल्या वस्तूचा नेमका गुण ओळखला गेला. यात दैन्य नाही, बुद्धी आहे.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या चित्राचा वाच्यार्थ एकच आहे : उपग्रह बैलगाडीवर आहे. व्यंग्यार्थ मात्र पाहणाराच्या संस्काराप्रमाणे पालटतो. ध्वनीचा प्रत्यय सहृदयावर अवलंबून असतो, असे आनंदवर्धनाने सांगितले; पण सहृदयतेला काही ज्ञानाची पूर्वतयारी लागते हेही त्या परंपरेला मान्य आहे. अँटेना आणि धातू यांचे नाते ज्याला माहीत नाही, त्याला या चित्रातून दारिद्र्य ध्वनित होते. ज्याला ते माहीत आहे, त्याला त्यातून चातुर्य ध्वनित होते. आपल्या ग्रामीण साहित्याने बैलाला घरातल्या माणसाची प्रतिष्ठा दिली. असे असूनही शहरी सुशिक्षित वाचक जेव्हा या चित्रातला बैल पाहतो, तेव्हा तो संकोचतो किंवा त्या संकोचावर मात करण्यासाठी अकारण अभिमानाने फुलतो. संकोच आणि अभिमान ही एकाच भावाची दोन टोके आहेत. दोन्हींत आपण स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो.

जाता जाता नमूद करावे, की कक्षेत गेल्यावर 'ॲपल'चा एक सौरपंख उघडलाच नाही. उरलेल्या विजेच्या बळावर शास्त्रज्ञांनी तो उपग्रह दोन वर्षांहून अधिक काळ कामात ठेवला. या कर्तबगारीचे छायाचित्र नाही; निघू शकतही नव्हते. त्यामुळे ती कोणाच्या स्मरणात नाही. प्रतिमेच्या आधारे इतिहास लक्षात ठेवणाऱ्या समाजाची ही मर्यादा आहे.

५

दुसऱ्याचे डोळे म्हणजे काय, याचा पुरावा २०१४ मध्ये मिळाला. २४ सप्टेंबरला भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेले. त्यानंतर काही दिवसांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एक व्यंगचित्र छापले. सुटाबुटातले दोन गृहस्थ अवकाशातील बड्यांच्या मंडळात बसले आहेत आणि मुंडासे घातलेला एक शेतकरी गाय घेऊन दार ठोठावीत आहे. वाचकांनी निषेध केला आणि वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली. त्या निषेधात न्याय्य संताप होता. परंतु ते व्यंगचित्र पाहताना मला राहून राहून असे वाटले, की सायकल आणि बैलगाडीची चित्रे चुकीच्या ओळींसह आपणच जगभर फिरवली होती. व्यंगचित्रकाराने शोधून काढले असे त्यात फार थोडे होते. आपली कहाणी आपण ज्या अलंकारात सांगतो, त्याच अलंकारात ती आपल्याकडे परत येते.

त्याच दिवसाचे एक छायाचित्र मात्र अगदी वेगळे निघाले. बंगळूरच्या केंद्रात काठापदराच्या साड्या नेसलेल्या आणि केसांत गजरे माळलेल्या काही स्त्रिया यशाच्या आनंदात एकमेकींना भेटत आहेत. ते जगभर छापले गेले. अवकाश म्हटले की पांढऱ्या सदऱ्यातले, गळ्यात टाय बांधलेले पुरुष डोळ्यांपुढे येण्याची जी सवय १९६० च्या दशकातील छायाचित्रांनी लावली होती, ती या एका चित्राने मोडली. आपल्या आईसारख्या, मावशीसारख्या दिसणाऱ्या बाईला मंगळाच्या गोष्टीत स्थान आहे, असे त्या दिवशी अनेक मुलींनी प्रथमच पाहिले असेल.

आणि इथेही चित्राखालची ओळ चुकलीच. मंगळयानाच्या स्त्री-शास्त्रज्ञ अशी ती ओळ सर्वत्र छापली गेली. त्या कार्यालयीन व्यवस्थेत काम करणाऱ्या स्त्रिया होत्या, असा खुलासा पुढे अवकाश संशोधन संस्थेनेच केला. मोहिमेवर काम केलेल्या अनेक स्त्री-शास्त्रज्ञ त्या वेळी नियंत्रणकक्षात होत्या, हेही संस्थेने सांगितले. म्हणजे ओळीने जे सांगितले ते सत्य होते, पण ते या चित्रातले सत्य नव्हते. ज्या खऱ्या कर्त्या होत्या त्या चौकटीबाहेर पडद्यांपुढे बसलेल्या होत्या. आणि ज्या चौकटीत होत्या, त्यांचे स्वतःचे काम त्या ओळीने पुसून टाकले; कारण हिशेब, पत्रव्यवहार, नेमणुका यांवाचून कोणतेही यान उडत नाही आणि तरीही त्या कामाला इतिहासात ओळ मिळत नाही. स्त्रियांच्या श्रमांचे असे दुहेरी अदृश्य होणे मराठी साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. चित्र खरे, आनंद खरा, त्यातून जागलेले स्वप्नही खरे. खोटी होती ती केवळ ओळ. आणि ती कोणी दुष्टाव्याने लिहिलेली नव्हती, उत्कट इच्छेने लिहिलेली होती. प्रक्षेप बहुधा असेच जन्मतात.

६

हा दोष आपलाच आहे असे मात्र समजू नये. २४ डिसेंबर १९६८ रोजी 'अपोलो-८' मधून विल्यम अँडर्स यांनी टिपलेला पृथ्वीचा उदय आपण चंद्राच्या आडव्या क्षितिजावर पाहतो. अँडर्स यांनी ते दृश्य ज्या दिशेने पाहिले, तीत चंद्राचा पृष्ठभाग उभा होता. छापताना चित्र फिरवले गेले. ७ डिसेंबर १९७२ रोजी 'अपोलो-१७' मधून घेतलेल्या पूर्ण पृथ्वीच्या विख्यात छायाचित्रात मुळात दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला होता. नकाशाच्या सवयीला धक्का बसू नये म्हणून तेही उलटे करून प्रसृत झाले. अवकाशात वर आणि खाली नसते. सरावलेल्या डोळ्यांना मात्र ते हवे असते. पृथ्वीबाहेर गेलेल्या माणसाचे दर्शन पृथ्वीवर राहिलेल्यांच्या सोयीने बदलून घ्यावे लागले. स्वप्न पाहणाराला छायाचित्र जसेच्या तसे सहसा परवडत नाही, असाच याचा अर्थ.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अवकाशात गेले. वरून भारताची छायाचित्रे घेणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. परंतु देशाच्या स्मरणात ती छायाचित्रे उरली नाहीत. उरले ते पंतप्रधानांच्या प्रश्नाला इक्बालांच्या गीताच्या आधाराने दिलेले उत्तर. त्या प्रसंगी शब्दाने चित्रावर मात केली. त्यानंतर दुसऱ्या भारतीयाला, शुभांशु शुक्ला यांना, पृथ्वीच्या कक्षेत जाण्यासाठी २०२५ च्या जूनची वाट पाहावी लागली. मधल्या काळात स्वप्न जिवंत राहिले ते मुख्यतः यंत्रांच्या चित्रांवर आणि गोष्टींवर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवणारे जयंत नारळीकर आणि त्यांच्या मागून आलेले लेखक यांनी मराठी वाचकाला आणखी एक शिस्त शिकवली. कल्पनेने कितीही उंच जावे, पण विज्ञानाशी प्रामाणिक राहून. छायाचित्राच्या वाचकानेही ही शिस्त घेतली असती, तर प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी 'चांद्रयान-३'चे 'विक्रम' हे अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. आठवड्याभराने 'प्रज्ञान' या लहानशा फिरत्या गाडीने त्याचे छायाचित्र घेऊन पाठवले. साराभाईंचे नाव धारण करणारे यान राखाडी मातीत चार पायांवर उभे आहे. आजूबाजूला कोणीही नाही. कार्तिए-ब्रेसाँच्या चित्रातली माणसे येथे नाहीत, बैल नाही, गजरे नाहीत. छायाचित्रकारही माणूस नाही. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे रूप टिपले आहे. भारतीय अवकाशयानांच्या चित्रमालेत हे चित्र सर्वांत निर्मळ म्हणावे लागेल. त्याखाली चुकीची ओळ लिहायला वावच नाही. स्थळ, दिनांक, वेळ सारे नोंदलेले आहे.

तरीही हे चित्र पाहताना माझे मन पुन्हा पुन्हा त्या सायकलकडे जाते. पूर्वी ते टंचाईच्या कौतुकाने जात असे. आता तसे जात नाही. आता त्या चित्रात मला दिसते ते एवढेच, की एक जीप अडकली होती, काम थांबवायचे नव्हते आणि दोघांनी आपल्या कामाच्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून ती हाताने सांभाळून नेली. ही हकीगत 'पहिला अग्निबाण' या ओळीपेक्षा लहान आहे. ती अधिक मानवी आहे, आणि मुख्य म्हणजे ती खरी आहे. बैलगाडीचा खरा अर्थ तिच्या खोट्या अर्थापेक्षा बुद्धिमान आहे; २०१४ च्या चित्रातल्या स्त्रियांची खरी ओळख त्यांच्या लादलेल्या ओळखीपेक्षा अधिक प्रश्न विचारणारी आहे. पाठशुद्धीने ग्रंथ उणावत नाही, हा एकनाथांनी घालून दिलेला धडा येथेही लागू पडतो.

ग्रंथालयांतून आणि शाळांतून ही चित्रे लावली जातात, तिथे ती पुढेही लावली जावीत. मुलांनी ती पाहावीत, त्यांवर जीव जडवावा, आपणही एक दिवस जाऊ असे म्हणावे. मोठ्यांनी करावयाचे काम लहानसे आहे. चित्राखालची ओळ बदलावी. सायकलखाली १९६६ असे लिहावे, बैलगाडीखाली ती का आणली ते लिहावे, साडीतल्या स्त्रियांखाली त्या काय काम करीत होत्या ते लिहावे. आणि थुंब्याच्या चर्चच्या चित्राखाली एक वाक्य अधिक असावे : या जागी कोळ्यांची वस्ती होती, अग्निबाणांना जागा देण्यासाठी ते येथून उठून गेले.